दोन कणांचे एकच तरंगफलन संगणकावर कसे चालवावे

दोन कण एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्या तरंगफलनांचे काय होते, असे पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो हमखास एक आडवी रेषा ओढतो, तिच्या डाव्या टोकाला एक उंचवटा काढतो, उजव्या टोकाला दुसरा काढतो आणि दोन्हींवर समोरासमोर बाण दाखवतो. फोंड्यातल्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला हा विषय शिकवताना हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पहिल्याच तासाला मीच ते फळ्यावर काढतो आणि सर्वांदेखत पुसून टाकतो. चूक प्रश्नातल्या अनेकवचनात आहे. दोन कणांना मिळून तरंगफलन एकच असते, आणि ते रेषेवर राहत नाही. हे वाचून पटत नाही. स्वतः करून पाहिले की पटते. त्यासाठी साधा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातले नमपाय हे आकडेमोडीचे साधन एवढे पुरेसे आहे, आणि फूरिये रूपांतर म्हणजे काय याची ओळख असलेल्या कोणालाही एका रविवारी हे काम उरकता येईल.

आधी कागद नीट समजून घ्यावा. नदीच्या दोन काठांवरच्या रायबंदर आणि चोडण यांच्या दरम्यान दोन फेरीबोटी चालत आहेत आणि आपल्याला दोन्ही कुठे आहेत याची नोंद ठेवायची आहे, असे समजू. पहिल्या बोटीचे रायबंदरच्या धक्क्यापासूनचे अंतर आडव्या अक्षावर मोजावे, त्याला क्ष म्हणावे. दुसऱ्या बोटीचे त्याच धक्क्यापासूनचे अंतर उभ्या अक्षावर मोजावे, त्याला य म्हणावे. आता दोन बोटींची मिळून स्थिती म्हणजे कागदावरचा एकच बिंदू. पहिली बोट रायबंदरला आणि दुसरी चोडणला असेल, तर हा बिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो. दोघी आपापल्या पलीकडच्या तीरावर पोहोचल्या की तो उजवीकडे खालच्या कोपऱ्यात येतो. मधल्या वाटेत तो एक तिरकी रेषा ओलांडतो, जिच्यावर क्ष आणि य सारखेच असतात. त्या क्षणी दोन्ही बोटी नदीत एकमेकींच्या शेजारून जात असतात. बोटींना एकमेकींची जी काही बाधा व्हायची, ती या कर्णरेषेच्या आसपासच होते.

पुंजयामिकीत या बिंदूच्या जागी कागदभर पसरलेली एक लाट येते. कागदाच्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे क्ष आणि य यांच्या प्रत्येक जोडीला, एक संमिश्र संख्या नेमलेली असते, आणि तिच्या लांबीचा वर्ग ‘पहिला कण इथे आणि दुसरा तिथे’ या जोडघटनेची संभाव्यता सांगतो. हा अर्थ माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये लावला, आणि ज्या समीकरणाने ही लाट पुढे सरकते ते एर्विन श्रोडिंगर यांनी त्याच वर्षी मांडले. रेषेवर चालणाऱ्या दोन कणांसाठी त्या समीकरणात तीनच गोष्टी येतात: क्षच्या दिशेने लाटेची वक्रता, म्हणजे पहिल्याची गतिज ऊर्जा, यच्या दिशेने वक्रता, म्हणजे दुसऱ्याची गतिज ऊर्जा, आणि दोघांमधील अंतरावर अवलंबून असलेली स्थितिज ऊर्जा. दोन्ही कणांचे वस्तुमान सारखे असेल, तर हे समीकरण प्रतलात फिरणाऱ्या एकट्या कणाच्या समीकरणाहून अक्षरानेही वेगळे नसते. रेषेवरची टक्कर ही कागदावर एका तिरक्या बांधावर येऊन आदळणारी लाट होते. खाडीकाठच्या खाजन शेतांचे बांध पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की हा बांध पाणी पूर्ण अडवत नाही. काही पलीकडे जाते, काही परत फिरते.

आता प्रत्यक्ष मांडणी. एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) आणि दोन्ही वस्तुमाने १ मानावीत, म्हणजे आकड्यांचा पसारा टळतो. रेषा उणे ३० पासून अधिक ३० पर्यंत घ्यावी आणि तिच्यावर समान अंतराने २५६ बिंदू घ्यावेत. कागदावर २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ चौकटी होतात, आणि प्रत्येक संमिश्र संख्येला १६ बाइट धरले तर संपूर्ण तरंगफलन एका मेगाबाइटात मावते. पहिला कण उणे १२ वर, दुसरा अधिक १२ वर ठेवावा. दोन्हींची रुंदी, म्हणजे प्रमाण विचलन, १.५ घ्यावे, पहिल्याचा सरासरी संवेग अधिक २ आणि दुसऱ्याचा उणे २ ठेवावा. प्रत्येकाची गाउसी, म्हणजे घंटेच्या आकाराची, लाट वेगवेगळी तयार करून एकीची प्रत्येक किंमत दुसरीच्या प्रत्येक किमतीने गुणली की कागदावरचा आरंभीचा ठिपका तयार होतो. गाउसी लाटेच्या घातांकात अंतराचा वर्ग रुंदीच्या वर्गाच्या चौपटीने भागायचा असतो, दुपटीने नव्हे, कारण १.५ ही रुंदी संभाव्यतेची आहे, लाटेची नाही. पहिल्या प्रयत्नात निम्म्या वर्गाचे उत्तर इथेच चुकते. शेवटी सर्व चौकटींतील लांबीच्या वर्गांची बेरीज घेऊन तिला एका चौकटीच्या क्षेत्रफळाने गुणावे आणि उत्तर १ येईल अशा रीतीने सगळ्या तक्त्याला भागावे.

बांधासाठी स्थितिज ऊर्जा गाउसी आकाराचीच घ्यावी: कर्णरेषेवर तिची उंची ४ आणि दोन्ही बाजूंना रुंदी १. उंची ४ घेण्यामागे हिशेब आहे. दोन्ही कणांची गतिज ऊर्जा प्रत्येकी २, मिळून ४ होते, आणि बांधाची उंची येणाऱ्या ऊर्जेइतकीच ठेवली की लाट अडेल की जाईल हे एका बाजूला ठरत नाही. सगळी लाट आरपार गेली किंवा सगळी परत फिरली, तर पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही.

काळ पुढे सरकवण्याची माझ्या पसंतीची पद्धत म्हणजे विभाजित पायरीची पद्धत. क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ ची पद्धतही चालते, परंतु तिच्यात दर पायरीला समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो आणि दोन अक्षांवर ते काम किचकट होते. विभाजित पायरीमागची कल्पना सोपी आहे. स्थितिज ऊर्जा एकटी असती, तर ती प्रत्येक चौकटीतील संख्येचा केवळ कोन फिरवते. गतिज ऊर्जा एकटी असती, तर ती फूरिये रूपांतरानंतर प्रत्येक संवेगाचा केवळ कोन फिरवते. दोन्ही एकत्र असताना क्रम बदलला की उत्तर बदलते, म्हणून छोट्या कालांतरात आधी अर्धी स्थितिज, मग पूर्ण गतिज, मग उरलेली अर्धी स्थितिज असे फिरवावे. या सममित मांडणीमुळे एका पायरीतील चूक कालांतराच्या घनाच्या प्रमाणात राहते. गिल्बर्ट स्ट्रँग यांनी १९६८ मध्ये अशा मांडणीचा अभ्यास केला होता, आणि फाइट, फ्लेक व स्टायगर यांनी १९८२ मध्ये तिला फूरिये रूपांतराची जोड देऊन श्रोडिंगर समीकरणासाठी वापरली.

एक पायरी अशी: तक्त्यातील प्रत्येक संख्येला, स्थितिज ऊर्जा गुणिले अर्धे कालांतर एवढ्या कोनातून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे. मग दोन्ही दिशांनी फूरिये रूपांतर घ्यावे. नंतर प्रत्येक चौकटीत दोन्ही संवेगांच्या वर्गांची बेरीज, तिचे अर्धे, गुणिले पूर्ण कालांतर, एवढ्या कोनातून त्याच दिशेने फिरवावे. उलट रूपांतर घेऊन परत यावे आणि पहिली अर्धी पायरी पुन्हा करावी. कालांतर ०.०१ घेतले आणि अशा १,२०० पायऱ्या केल्या, की घड्याळ १२ वर पोहोचते. सरासरी वेग २ असल्यामुळे टक्कर ६ च्या सुमारास होते, म्हणजे आधी आणि नंतर सारखाच वेळ मिळतो. नमपाय संवेगांची यादी शून्यापासून धन आणि मग ऋण अशा क्रमाने देते आणि ती आवर्तनांत देते, म्हणून तिला दोन पायने गुणणे विसरू नये. विसरल्यास, गतिज ऊर्जेत संवेगाचा वर्ग येत असल्यामुळे, लाट सुमारे चाळीसपट मंदावते आणि विद्यार्थी तासभर बांधात दोष शोधत बसतो.

बांध घालण्यापूर्वी तो काढून एकदा चालवावे, हा माझा आग्रह आहे. बांध नसताना एकट्या गाउसी लाटेची रुंदी कशी वाढते याचे अचूक सूत्र आहे: मूळ रुंदीला, १ अधिक ‘काळ भागिले रुंदीच्या वर्गाची दुप्पट’ याचा वर्ग, यांच्या बेरजेच्या वर्गमुळाने गुणावे. आपल्या आकड्यांसाठी १२ व्या क्षणी ती सुमारे ४.३ येते. आलेख तेच सांगत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. याच आकड्यावरून ३० ची सीमा का निवडली तेही कळते. फूरिये पद्धतीत कागदाची उजवी कड डाव्या कडेला चिकटलेली असते, त्यामुळे कडेबाहेर गेलेली लाट विरुद्ध बाजूने आत येते आणि एखाद्या खऱ्या परिणामासारखी दिसते. ठिपक्याच्या मध्यापासून कडेपर्यंत त्याच्या रुंदीच्या निदान चौपट जागा ठेवली, की हा धोका उरत नाही.

बांध घालून चालवताना दर शंभर पायऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. एकूण संभाव्यता १ राहिली पाहिजे. ही पद्धत केवळ कोन फिरवते, म्हणून इथे फरक दिसला तर प्रोग्राममध्ये चूक आहे. एकूण ऊर्जा जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. ती लक्षात येईल इतकी हलत असेल, तर कालांतर अर्धे करावे. आणि क्ष व य यांच्या बेरजेची सरासरी शून्यावरून हलता कामा नये. ही तिसरी तपासणी मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात भौतिकी आहे: बल केवळ दोघांमधील अंतरावर अवलंबून असल्यामुळे जोडीच्या वस्तुमानकेंद्राला त्या बलाचा पत्ताच लागत नाही.

हाच धागा धरून कागद थोडा फिरवून पाहावा. क्ष आणि य यांच्याऐवजी वस्तुमानकेंद्र आणि परस्परांतील अंतर असे दोन अक्ष घेतले, तर बांध एकाच अक्षाला आडवा येतो. वस्तुमानकेंद्राची लाट मोकळी पसरत राहते, आणि अंतराची लाट एकाच कणासारखी बांधावर आदळते. त्या कणाचे वस्तुमान म्हणजे दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज, ज्याला वर्गात आपण रिड्यूस्ड मास म्हणतो. आपल्या उदाहरणात ते अर्धे येते. हायड्रोजनचा अणू आपण एका कणाच्या समीकरणाने सोडवतो तो याच आधारावर. केंद्रक इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असल्यामुळे दुरुस्ती लहान असते, पण ती मोजता येते: केंद्रकाचे वस्तुमान दुप्पट झाले की हायड्रोजनच्या वर्णपटातील लाल रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवरून सुमारे ६५६.१० वर सरकते, आणि हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये जड हायड्रोजन ओळखला तो अशाच सरकलेल्या रेषांवरून. मात्र तिसरा कण आला की ही सोय संपते. हीलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांना केंद्रकही ओढते आणि ते एकमेकांना ढकलतातही, त्यामुळे कुठलाही कागद फिरवून तिथे लाट सुटी होत नाही. एगिल हिलेरास यांनी १९२९ मध्ये इलेक्ट्रॉनांमधील अंतर थेट तरंगफलनात घातले, तेव्हा हीलियमचे गणित प्रयोगाच्या जवळ गेले.

आता टक्करीनंतरचा कागद. १२ व्या क्षणी एक ठिपका उजवीकडे खाली असतो: पहिला कण अधिक १२ जवळ, दुसरा उणे १२ जवळ, म्हणजे दोघे एकमेकांना ओलांडून गेले. दुसरा ठिपका डावीकडे वर, निघाला होता तिथेच, परत आलेला असतो: दोघे आदळून माघारी फिरले. उरलेले दोन कोपरे, ज्यांत दोन्ही कण एकाच बाजूला असतील, ते रिकामे राहतात. इथे थांबून प्रत्येक कणाचे स्वतंत्र चित्र काढावे. उभ्या रकान्यांची बेरीज केली की पहिल्या कणाची संभाव्यता मिळते आणि तिच्यात उणे १२ व अधिक १२ अशा दोन्ही ठिकाणी उंचवटे दिसतात; आडव्या ओळींची बेरीज केली की दुसऱ्याचेही तसेच. आता ही दोन चित्रे एकमेकांशी गुणून कागद परत तयार करून पाहावा. चारही कोपऱ्यांत ठिपके येतात. रिकामे असायला हवे होते ते दोन कोपरेही भरतात, आणि दोन्ही कण उजवीकडेच सापडण्याची संभाव्यता निर्माण होते, जी खऱ्या लाटेत नाही. स्वतंत्र चित्रांत जे मावले नाही, ते म्हणजे दोघांचे परस्परांशी जुळलेले असणे. श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये त्याला जर्मनमध्ये जे नाव दिले त्याचा अर्थ गुंतलेपण असाच होतो. इंग्रजीतून आलेला एन्टँगलमेंट हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. हार्ट्री यांची १९२८ ची सरासरी क्षेत्राची पद्धत दर क्षणी लाट गुणाकाराच्या रूपातच ठेवते, म्हणून ती कितीही काळजीने चालवली तरी हे दोन रिकामे कोपरे तिला दाखवता येत नाहीत.

हे गुंतलेपण आकड्यात मोजणे अवघड नाही. तरंगफलनाचा तक्ता मॅट्रिक्स समजून, त्याला दोन शेजारच्या बिंदूंमधील अंतराने गुणून, त्याची सिंग्युलर मूल्ये काढावीत, म्हणजे लाट किती सुट्या गुणाकारांची बेरीज आहे आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे कळते. नमपायमध्ये ही एक ओळ आहे. या मूल्यांच्या वर्गांची बेरीज १ असते. लाट निव्वळ गुणाकार असेल तर पहिले मूल्य १ आणि बाकी सगळी शून्य असतात. आपल्या प्रयोगात लाट बांधाला भिडेपर्यंत असेच राहते, ६ च्या सुमारास इतर मूल्ये वर येतात आणि शेवटी दोन मोठी उरतात, ज्यांचे वर्ग आरपार गेलेल्या व परतलेल्या भागांच्या जवळपास असतात. ‘जवळपास’ म्हणण्याचे कारण आहे: बांध वेगवान अंतरलाटेला सहज सोडतो आणि मंद लाटेला अडवतो, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा आकारही थोडा बदलतो आणि तो स्वतःही निव्वळ गुणाकार राहत नाही, म्हणून लहान मूल्यांची शेपटी मागे राहते. वर्गांचे पुन्हा वर्ग करून बेरीज घेतली की शुद्धता मिळते. ती १ वरून उतरते, आणि दोन्ही भाग समसमान असतील तर ०.५ च्या आसपास येते.

लाटेच्या अशा सुट्या गुणाकारांत होणाऱ्या विघटनाला एर्हार्ड श्मिट यांचे नाव आहे, त्यांच्या १९०७ च्या लेखामुळे. त्याच वर्षी गोव्यात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला, ज्यांना आपण बहुधा इतिहासकार म्हणून ओळखतो. यदृच्छ (रँडम) फलनांना अशाच परस्परलंब घटकांत मांडण्याची रीत त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि कारूनेन व लोएव यांच्या नावांसोबत आता कोसंबींचेही नाव तिला जोडले जाते. सिंग्युलर मूल्यांचा आलेख काढताना हे मी वर्गात सांगतोच. विषयांतर होते, पण पुढच्या बाकांवरची मुले त्या दिवशी वही बंद करत नाहीत.

दोन्ही कण एकाच जातीचे असतील, तर आरंभीच्या तक्त्यात कर्णरेषेपलीकडचे त्याचे प्रतिबिंबही मिळवावे लागते. फोटॉनसारख्या बोझॉन कणांसाठी ते अधिक चिन्हाने येते, ज्यांची सांख्यिकी सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडली. एकाच दिशेने फिरकी (स्पिन) असलेल्या इलेक्ट्रॉनांसाठी उणे चिन्हाने. समीकरण ही सममिती आपोआप जपते, वेगळे काही करावे लागत नाही. उणे चिन्ह असेल तर कर्णरेषेवर लाट कायम शून्य राहते, म्हणून अगदी अरुंद बांध तिला जवळजवळ जाणवतच नाही. आणि आता दोन्ही कोपऱ्यांतील ठिपके आरंभापासूनच असल्यामुळे कण ओलांडून गेले की परत फिरले, हा प्रश्नच विचारता येत नाही. शुद्धता मात्र इथे आरंभीच ०.५ येते आणि तिला टक्करीचे फळ समजू नये.

आवाका वाढवण्याचा मोह आवरावा. रेषेवर तीन कण घेतले तर तक्ता एकदम २६८ मेगाबाइटांचा होतो आणि पायऱ्या तासन्‌तास चालतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे दर शंभर पायऱ्यांनी तक्ता डिस्कवर लिहून ठेवण्याची सवय मला तिथेच लागली. दोनच कण पण खऱ्या त्रिमित अवकाशात घेतले, तर सहा अक्ष होतात, आणि प्रत्येकावर २५६ बिंदू ठेवले तर तक्त्याला सुमारे ४,५०० टेराबाइट लागतात. तिथे कागद फिरवून वस्तुमानकेंद्र वेगळे काढण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यापेक्षा आहे त्याच तक्त्यावर एक प्रयोग आणखी करावा. १२ व्या क्षणी सर्व संख्यांच्या काल्पनिक भागाचे चिन्ह उलटे करावे आणि तीच १,२०० पायऱ्यांची फेरी पुन्हा चालवावी. दोन्ही ठिपके बांधाकडे परत येतात, एकमेकांत मिसळतात, वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच गोल ठिपका उरतो, आणि शुद्धता पुन्हा १ होते. काल्पनिक भागाचे चिन्ह पुन्हा एकदा उलटे केले, की मूळ तक्त्याशी फरक राहतो तो संगणकाच्या दशांशांच्या मर्यादेएवढाच. मग तेच पुन्हा करावे, पण उलटे फिरवण्याआधी खालच्या उजव्या कोपऱ्यातील ठिपका पुसून टाकावा आणि उरलेल्या तक्त्याची एकूण संभाव्यता पुन्हा १ करून घ्यावी. या वेळी परतलेला ठिपका बांधाशी येऊन पुन्हा दुभंगतो, आणि फेरी संपते तेव्हा कागदावर पुन्हा दोन ठिपके असतात.